सॉफ्ट मशीन : गाणं गेलं, वाद्यं राहिली

गंगापूररोडकर

सायकेडेलिक रॉक (भास व्हावेत तशा आवाजांचं रॉक) म्हटलं की आपल्याकडे गाडी पिंक फ्लॉइडपाशी येऊन थांबते. कॉलेज रोडवर त्यांचे टी-शर्ट घालून फिरणाऱ्या पोरांपैकी किती जण ऐकतात ते सोडा. पण १९६७ मध्ये लंडनच्या यूएफओ क्लबात फ्लॉइडच्या बरोबरीनं वाजवणारा आणखी एक बँड होता, सॉफ्ट मशीन. त्यांच्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

फ्लॉइड मोठे झाले ते गाणी लिहून. सॉफ्ट मशीननं नेमकं उलटं केलं. सुरुवात गमतीशीर, थोड्या वेडगळ गाण्यांनी केली आणि पाच वर्षांत तो शब्दांशिवाय वाजवणारा जॅझ-रॉक बँड होऊन बसला. मला यात सगळ्यात रंजक वाटतं ते हे, की 'आता आपण गाणं बंद करू' असं कुणी एका बैठकीत ठरवलेलं दिसत नाही. माणसं जात गेली आणि जाताना प्रत्येक जण गाण्यातला आपला वाटा घेऊन गेला. शेवटी जे उरले त्यांना गायचंच नव्हतं.

मूळ गाव कँटरबरी, इंग्लंडच्या केंट परगण्यातलं. चर्चचं गाव, यात्रेकरूंचं गाव. आपल्या पंचवटीवाल्यांना परकं वाटू नये. तिथल्या शाळकरी मित्रांचा 'वाइल्ड फ्लॉवर्स' नावाचा बँड १९६४ पासून होता. त्याच गोतावळ्यातून १९६६ मध्ये सॉफ्ट मशीन झाला. ड्रम आणि गळा रॉबर्ट वायटचा, बास आणि दुसरा गळा केविन एअर्सचा, ऑर्गन माइक रॅटलेजचा. गिटारवर डेव्हिड ॲलन, मूळचा ऑस्ट्रेलियन, वायटच्या आईच्या घरात भाडेकरू म्हणून आलेला. नाव उचललं विल्यम बरोजच्या कादंबरीवरून. त्यांच्या कार्यक्रमात मार्क बॉइल नावाचा चित्रकार काचेच्या स्लाइडमध्ये रंगीत द्रव तापवून ते बुडबुडे वाजवणाऱ्यांच्या अंगावर पाडायचा. आज एलईडी भिंतीवर जे चालतं त्याचं हे हातानं केलेलं आजोबा रूप.

पहिला गळाला ॲलन. १९६७ च्या उन्हाळ्यात हे लोक फ्रान्समध्ये वाजवायला गेले आणि परतताना त्याला इंग्लंडनं आत घेतलंच नाही, कारण आधीच्या मुक्कामात व्हिसाची मुदत उलटून गेली होती. तो पॅरिसला राहिला आणि पुढे त्यानं 'गाँग' उभा केला. इकडे सॉफ्ट मशीन गिटारशिवायचा त्रिकुट बँड झाला. गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सच्या जमान्यात गिटार नसलेला रॉक बँड! आणि गंमत म्हणजे १९६८ मध्ये हेच तिघं त्याच हेंड्रिक्सच्या आधी वाजवायला अमेरिकाभर फिरले. त्या दौऱ्यात त्यांचा पहिला अल्बम न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड झाला. दौऱ्यानं एअर्स इतका पिळून निघाला की तो बाहेरच पडला. बँड तिथंच संपला होता. पण करारातला दुसरा अल्बम बाकी होता, म्हणून १९६९ मध्ये सामान वाहणाऱ्या ह्यू हॉपरला बास दिला आणि पुन्हा सुरू केलं. हॉपर मुळात वाइल्ड फ्लॉवर्समधलाच, आणि चाली बांधण्यात हुशार. पण गाणारा नाही. दोन गळ्यांचा एक झाला.

इथं रॅटलेजच्या ऑर्गनबद्दल थांबून सांगायलाच हवं. त्या काळी ऑर्गन म्हणजे हॅमंड कंपनीचा. यानं घेतला लोरी कंपनीचा, लोक घरात वाजवायला घ्यायचे तसला, आणि तो फझ पेडलमधून, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या यंत्रातून, काढला. आवाज गिटारसारखा फाटका, करवतीसारखा. फक्त एक भानगड होती. फझ आणि मोठ्या आवाजामुळे बोटं उचलली की ॲम्प्लिफायर शिट्टी मारायला लागायचा. त्यामुळे रॅटलेजला विश्रांती घ्यायची सोयच नव्हती, एक सूर सोडायच्या आत दुसरा पकडायचा. त्याची ती श्वास न घेणारी लांबच लांब सुरावट निम्मी यातून आली आहे. शैली म्हणून आपण जिचं कौतुक करतो ती कधी कधी यंत्राच्या खोडीतून जन्मते, हे पेटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता 'थर्ड', जून १९७०. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूला एकच रचना, साधारण अठरा-एकोणीस मिनिटांची. बँडमध्ये सॅक्सोफोनवाला एल्टन डीन आला होता. (हाच तो एल्टन, ज्याचं नाव रेजिनाल्ड ड्वाइट नावाच्या पियानोवाल्यानं उचललं आणि एल्टन जॉन झाला.) पहिली बाजू हॉपरची 'फेसलिफ्ट': मैफलींतलं रेकॉर्डिंग कापून, उलटं फिरवून, वेग बदलून जोडलेलं. टेपचे गोल तुकडे करून एकच वाक्य फिरवत ठेवायचं तंत्र ॲलनकडून, पॅरिसमार्गे, टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराकडून आलेलं. दुसरी आणि चौथी बाजू रॅटलेजची, शब्द नाहीत. आणि तिसरी बाजू 'मून इन जून', वायटची. अख्ख्या अल्बमवर गाणं एवढंच. त्याचा पहिला भाग वायटनं जवळजवळ एकट्यानं वाजवलाय, ऑर्गन आणि बाससकट. रॅटलेज आणि हॉपरला त्यात रसच नव्हता. ते उत्तरार्धात येतात, आणि ते आले की शब्द थांबतात. बँडमधलं भांडण इतकं स्वच्छ ऐकू येणारं दुसरं रेकॉर्डिंग मला ठाऊक नाही.

माझं मत असं, की हा बँड सगळ्यात चांगला वाजला तो याच दोन वर्षांत, जेव्हा एकाला गायचं होतं आणि तिघांना नव्हतं. ताण होता. पुढे ताण संपला.

ऑगस्ट १९७० मध्ये त्यांना बीबीसीच्या प्रॉम्स या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवात, रॉयल अल्बर्ट हॉलला वाजवायला बोलावलं. तिथं रॉक बँड यायची ती पहिलीच वेळ. वायट किस्सा सांगायचा की कार्यक्रमाआधी तो सिगारेट ओढायला मागच्या दारानं बाहेर गेला, तर दरवान त्याला परत आत सोडेना. इथं फक्त खरं संगीत चालतं म्हणाला. १९७१ च्या सुरुवातीला 'फोर्थ' आला. पूर्ण वाद्यसंगीत, एक शब्द नाही. त्याच वर्षी वायट बाहेर पडला, किंवा काढला गेला, ज्याचं ऐकाल तसं.

पुढचं झरझर. ड्रमवर आधी फिल हॉवर्ड, मग जॉन मार्शल ('फिफ्थ', १९७२, एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा). डीनच्या जागी कार्ल जेंकिन्स. हॉपर गेला. १९७५ च्या 'बंडल्स'मध्ये आठ वर्षांनी गिटार परत आली, ती ॲलन होल्ड्सवर्थच्या हातात. १९७६ मध्ये रॅटलेजही गेला आणि संस्थापकांपैकी कुणीच उरलं नाही. नाव चालू राहिलं, आजही आहे.

हे सगळं आत्ता सुचायचं कारण सांगतो. आमच्या चौघांच्या बँडचा गायक हिंजवडीला नोकरीला गेला. अंबडच्या एका गाळ्यात आम्ही तिघं उरलोय: कीबोर्ड, बास, ड्रम. नवा गायक शोधायचा की तसंच वाजवायचं, यावर दर रविवारी खल होतो. नाशकात शब्दांशिवाय तासभर कुणी ऐकेल का? अनुभवी मंडळींनी लिहा.

खालीभरी

छान लिहिलंय. मी तबलेवाला, रॉक फारसं ऐकत नाही, पण तुमच्या धाग्यामुळे 'थर्ड' आणि 'फोर्थ' दोन्ही ऐकले. तुम्ही ऑर्गनबद्दल लिहिलंत, मला कान लावावासा वाटला तो बासकडे.

आपल्याकडे तबल्याचं एकलवादन असतं तेव्हा पेटीवाला किंवा सारंगिया काय करतो? लेहरा धरतो. एकच ओळ, एका आवर्तनाची, तासभर न हलता. तबलेवाला त्याच्या अंगाखांद्यावर पेशकार, कायदे, तुकडे, चक्रदार सगळं करतो आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, लेहऱ्याला येऊन भेटतो. हॉपरचा बास मला थेट लेहरा वाटला. तो सात, नऊ, अकरा अशा आडव्या मापाचं वाक्य पकडतो आणि सोडत नाही. बाकीचे वर काय वाटेल ते करोत.

फरक मात्र मोठा आहे. आपल्या तालाला आतून अंग असतं. रूपक सात मात्रांचा, पण तीन-दोन-दोन, आणि खाली (टाळीऐवजी हात उघडा दाखवायची जागा) पहिल्याच मात्रेवर. नऊचा मत्त, अकराचा रुद्र, प्रत्येकाची चाल वेगळी. यांच्या सातात खाली नाही, भरी (टाळीची जागा) नाही. ते बासच्या वाक्याची लांबी मोजतात, वाक्य संपलं की आवर्तन संपलं. त्यामुळे सम कळते ती ठेक्यावरून नाही, सुरावट घरी आल्यावर. सवय व्हायला मला वेळ लागला, पण झाल्यावर मजा आली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे बहुतेक. गायक नसला तरी चालेल, लेहरेवाला पक्का हवा. तुमचा बासवाला एक ओळ वीस मिनिटं न कंटाळता, न सजवता वाजवू शकतो का ते बघा. बहुतेकांना तिसऱ्या मिनिटाला हात शिवशिवतात.

सौ. कानसेन

मी स्पष्टच बोलते. तासभर शब्द नाहीत म्हणजे मनाला धरायला खुंटी नाही. शास्त्रीय मैफलीत निदान बंदिशीचे चार शब्द असतात आणि राग ओळखीचा असतो. सतारीला सुद्धा गत असते. इथं श्रोत्यानं काय धरायचं? वाजवणाऱ्यांना मजा येते हे दिसतं, पण ती त्यांची त्यांची. दौऱ्यातल्या गमतीजमती वाचायला आवडल्या, ऐकायचं धाडस होत नाही.

आणि हो, गायक हिंजवडीला गेला म्हणून तत्त्वज्ञान बदलायचं? पुणे चार-पाच तासांवर आहे. शनिवारी येऊ शकतो मुलगा.

गंगापूररोडकर

@सौ. कानसेन, ताई, तो मुलगा शनिवारी झोपतो. विचारून झालंय.

@खालीभरी, लेहऱ्याचं एकदम पटलं. याला धरून एक गोष्ट: १९६७ मध्ये फ्रान्समध्ये असताना हे लोक एअर्सचं एका ओळीचं गाणं घेऊन तीच ओळ कितीतरी वेळ घोळवत बसायचे. पॅरिसच्या उच्चभ्रू मंडळींना ते फार आवडलं. आपल्याकडे सप्ताहात गजर असाच चालतो आणि कुणी त्याला अवांगार्द, म्हणजे प्रयोगशील, म्हणत नाही. म्हणजे शब्द पूर्ण जायच्या आधीच त्यांचं काम बदललं होतं. अर्थ सांगणं सुटलं, ओळ फक्त माप धरायला उरली. मग ते माप बासनं धरलं आणि शब्दाची गरजच संपली.

आडगावचा

काय भो, ड्रमवर कुणी बोलतच नाही! मी गणपतीत ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो, बाकी वर्षभर ड्रम.

वायटचं वाजवणं ऐका. तो गायक होता म्हणून तसा वाजवायचा असं माझं मत. त्याचे ड्रम बोलतात, मध्येच थबकतात, वाक्य अर्धं सोडतात. सगळं जरा सैल, पण जिवंत. जॉन मार्शल हातानं दसपट तयार, सगळं जागच्या जागी. 'सिक्स्थ'मध्ये त्याचं ऐकून थक्क व्हायला होतं, पण दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. मधला फिल हॉवर्ड तर वेगळाच प्राणी. त्याला ठेका धरायचाच नव्हता, पूर्ण मोकळं जॅझ. अर्ध्या अल्बमनंतर बाकीच्यांना झेपला नाही.

ताशात आम्हाला हेच शिकवतात: ढोल सरळ, ताशानं खेळायचं. दोघंही खेळायला लागले की मिरवणूक बसते. हॉवर्डच्या वेळी बहुतेक सगळेच ताशे झाले होते.

गाळ्याबद्दल एक सल्ला. गणपतीच्या आधीचे दीड-दोन महिने अंबड-सातपूरकडे सरावाला जागा मिळणार नाही, जिथं मोकळी जागा तिथं पथक. त्या काळात घरी बसून चाली बांधा.

पंचवटीकर

वय सत्तरीकडे. आमच्या वेळी हा बँड इथं कुणाला माहीत नव्हता. जॅझ-रॉक म्हणजे गिटारवाल्या जॉन मॅक्लॉफलिनचा महाविष्णू ऑर्केस्ट्रा, १९७१ चा. ती तबकडी मुंबईहून कुणीतरी आणायचं आणि पाच घरांत फिरायची. मग तोच मॅक्लॉफलिन झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकरामांबरोबर 'शक्ती'त मांडी घालून बसला, तेव्हा आमच्या घरच्यांनाही पटलं की हे काहीतरी संगीत आहे.

आपण इतिहास कँटरबरीपासून सुरू केलात, पण त्याच लंडनमध्ये त्याच सुमारास कलकत्त्याचा जॉन मेयर आणि जमैकाचा जो हॅरियट यांनी सतार-तबला आणि जॅझ एकत्र करून 'इंडो-जॅझ फ्यूजन्स' काढलं होतं. तिकडे अमेरिकेत ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसनं १९६९-७० मध्ये विजेची वाद्यं घेऊन जॅझचं दारच मोडलं. सॉफ्ट मशीनला हे वारं लागलंच. तेव्हा माणसं गेली म्हणून शब्द गेले, एवढंच म्हणून भागणार नाही. १९७० मध्ये इंग्लंडात विशीतल्या हुशार पोराला गाणं लिहिणं बाळबोध वाटू लागलं होतं. वायट राहिला असता तरी रॅटलेजनं त्याला गाऊ दिलं नसतं.

दुसरं, ताण संपला म्हणून नंतरचं सगळं मोडीत काढू नका. 'बंडल्स'मधला होल्ड्सवर्थ ऐका. गिटारवर शहनाईसारखी ओढ काढणारा माणूस. आणि जेंकिन्सला तुम्ही एका ओळीत उरकलंत! पुढे 'आदिएमस' त्यानंच केलं, त्यात गळे आहेत पण कुठल्याच भाषेतले शब्द नाहीत. हे बीज कुठलं ते सांगायला नको.

फिरस्ता

अवांतर: हाच जेंकिन्स २०२३ मध्ये राजे चार्ल्सच्या राज्याभिषेकाला बसला होता. त्याच्या पांढऱ्या केसांवरून आणि झुबकेदार मिशीवरून नेटकऱ्यांनी ही वेशांतर केलेली मेगन मार्कल आहे अशी आवई उठवली. बिचाऱ्याला व्हिडिओ करून खुलासा द्यावा लागला. सायकेडेलिक म्हणतात ते हेच.

बाकी धागा उत्तम. वाचनखूण साठवली.

गंगापूररोडकर

@पंचवटीकर, काका, वाऱ्याचं मान्य, पण वारं सगळ्यांनाच लागलं होतं. कँटरबरीचाच 'कॅराव्हॅन' बँड, त्याच वाइल्ड फ्लॉवर्समधून निघालेला, त्याच वर्षांत वीस-वीस मिनिटांच्या रचना करत होता आणि गातही होता. तिथं गाणारे टिकले म्हणून गाणं टिकलं. त्यामुळे मी माणसांवरच बोट ठेवीन.

आणि वायटचं पुढे काय झालं तेही लिहितो, नाहीतर तो फक्त हरलेला वाटेल. १ जून १९७३ ला एका पार्टीत तो चौथ्या मजल्याच्या खिडकीतून पडला. कमरेखालचं शरीर गेलं, ड्रम कायमचे सुटले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच्या मदतीसाठी पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीन दोघांनी लंडनच्या रेनबो थिएटरात कार्यक्रम केला. ज्यांनी त्याला घालवलं तेही वाजवायला आले. १९७४ मध्ये त्याचा 'रॉक बॉटम' आला, निर्माता फ्लॉइडचा निक मेसन, आणि बास वाजवणाऱ्यांत ह्यू हॉपर. ते ऐकाच. गायक बँडमधून गेला तरी गाणं त्याच्याबरोबर कुठंतरी जिवंत असतं.

नवखी_ऐकणारी

मला यातलं काहीच माहीत नाही, पण वाचायला भारी वाटलं. सुरुवात कुठून करू? 'थर्ड'ची पहिली बाजू लावली, पहिली काही मिनिटं नुसता गोंगाट. बंद केलं.

गंगापूररोडकर

@नवखी, 'फेसलिफ्ट'नं सुरुवात करू नकोस. चौथी बाजू, 'आउट-ब्लडी-रेजस' लाव. सुरुवातीला टेपवर फिरणारे ऑर्गनचे सूर हळूहळू वर येतात, मग बास, मग सॅक्सोफोन. हेडफोन लावून, पण गाडी चालवताना नको. ते पचलं की दुसरी बाजू. पहिला अल्बम सगळ्यात शेवटी ऐक, म्हणजे हीच माणसं कुठून निघाली होती ते कळून हसू येईल.

खालीभरी

नवख्या श्रोत्यांचाच मुद्दा आहे म्हणून सुचवतो. पहिलाच कार्यक्रम कालिदासला करायच्या फंदात पडू नका. पाच-पंचवीस लोक त्या नाट्यगृहात हरवतील, तुमचंही अवसान जाईल. कुसुमाग्रज स्मारकातला लहान हॉल विचारा, किंवा इंद्रकुंडावरचं पलुस्कर सभागृह. आवाज मात्र आवरा. बंद जागेत ड्रमचा दणका बसला की बास ऐकूच येत नाही, आणि बास गेला की लेहरा गेला, मग ताईंची खुंटीची तक्रार खरी ठरते.

सुरुवातीला पाच मिनिटं नुसती बासची ओळ वाजू द्या. एकट्यानं. लोकांना मोजता आली पाहिजे. मग बाकीच्यांनी या.

सौ. कानसेन

धाडस केलं. 'मून इन जून' ऐकलं, कारण त्यात गाणं आहे असं वरती लिहिलंय.

तो माणूस गातो छान. पातळ, जरा रडवेला आवाज, घरात काम करता करता गुणगुणावं तसा. मी रमले होते आणि निम्म्यावर तो गप्पच झाला. पुढं नऊ-दहा मिनिटं तो येईल म्हणून वाट बघत बसले. ऑर्गनवाल्याचा मनस्वी राग आला. पण एक कबूल करते, वाट बघत असल्यामुळे मी ते वाजवणं शेवटपर्यंत ऐकलं. एरवी दोन मिनिटांत उठले असते.

त्यामुळे माझा सल्ला असा की तुमच्या त्या मुलाला हिंजवडीहून एकदाच बोलवा. पहिली दहा मिनिटं गाऊ दे, मग त्याला खाली प्रेक्षकांत बसवा.

आडगावचा

ताई जिंकल्या. +१००

गंगापूररोडकर

ताई, हे त्याला फोन करून सांगितलं. 'म्हणजे मला दहा मिनिटांसाठी घाटातून यायला लावणार आणि मग माझ्यासमोर माझ्याशिवाय वाजवणार?' म्हणाला. नाही म्हणालेला नाही अजून.

@खालीभरी, बासवाल्याची परीक्षा काल घेतली. अकराची ओळ दिली. सातव्या मिनिटाला सजवायला लागला.

खालीभरी

सात वाईट नाही. रविवारी मी गाळ्यावर येऊ का? हातानं टाळी-खाली दाखवत बसतो, त्याला आधार होईल. ड्रमपुढे तबला ऐकू येणार नाही, पखवाज आणतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात टाका, आणि गाळ्यात पंखा आहे का तेवढं आधी सांगा.